ख्रिस्ती मंडळीतील लहान गटसेवा : नेतृत्व, वाढ आणि विभाजन

प्रस्तावना

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्यांचे ऐक्य होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संयुक्त मंडळी अस्तित्वात आली. सुमारे चार दशकांच्या वाटाघाटींचे हे फळ होते. भारतीय ख्रिस्ती इतिहासात या घटनेमुळे नागपूरला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले. तथापि ऐक्याचा करार आणि ऐक्याचा अनुभव या दोन भिन्न बाबी आहेत. करार धर्मपरिषदेत होतो. अनुभव मात्र घराच्या ओसरीवर, रुग्णालयातील खाटेजवळ आणि मृताच्या घरी जमलेल्या चार माणसांत येतो. रविवारच्या उपासनेत दोनशे माणसे एका छताखाली बसली, तरी त्यांपैकी एखादे कुटुंब तीन महिने आले नाही हे कोणाच्याच लक्षात येत नसेल, तर त्या मंडळीला 'सहभागिता' हा शब्द वापरण्याचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर म्हणजे लहान गटसेवा होय. महाराष्ट्रातील मंडळ्यांत ती घरसभा, कॉटेज मीटिंग, प्रार्थना गट, सेल ग्रुप, लहान ख्रिस्ती समूह अशा निरनिराळ्या नावांनी परिचित आहे. प्रस्तुत लेखात या सेवेची संकल्पना, तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी, गटनेत्याचे कार्य आणि गटाच्या वाढीची प्रक्रिया यांचा विचार केला आहे. गट वाढतो तो सभासदांच्या भरतीने नव्हे, तर जबाबदारी वाटून दिल्याने, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

लहान गट : संकल्पना आणि शास्त्राधार

साधारणतः सहा ते पंधरा व्यक्ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एखाद्या घरी एकत्र येऊन पवित्र शास्त्राचे वाचन, मनन, प्रार्थना आणि परस्परांची काळजी या चार गोष्टी नियमाने करतात, तेव्हा त्यास लहान गट असे म्हणता येईल. या व्याख्येतील चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. केवळ शास्त्राभ्यास करणारा समूह हा वर्ग ठरतो आणि केवळ गप्पा मारणारा समूह हा मित्रमेळावा ठरतो. अभ्यास आणि जिव्हाळा यांची सांगड जेथे पडते, तेथेच गटसेवा आकार घेते.

या सेवेला शास्त्राधार पुष्कळ आहे. निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो याचा सल्ला आला आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने लोकांचा न्याय करीत बसलेल्या जावयाला तो सांगतो, की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. म्हणून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू नायक नेमावेत. येशू ख्रिस्ताने मोठ्या समुदायांना उपदेश केला. परंतु सहवासासाठी मात्र बाराच जणांची निवड केली. प्रेषितांच्या काळात मंडळीला स्वतंत्र इमारती नव्हत्या. अक्विला व प्रिस्किल्ला, नुंफा आणि फिलेमोन यांच्या घरी जमणाऱ्या मंडळ्यांचा पौलाच्या पत्रांत उल्लेख आहे. फिलिप्पै येथे लुदियेचे घर हे विश्वासणाऱ्यांच्या भेटीचे ठिकाण होते. म्हणजेच घर हे मंडळीचे पर्यायी ठिकाण नसून मूळ ठिकाण होय, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

गरज : एक साधे गणित

पाळकाच्या आठवड्याचा हिशेब केल्यास या सेवेची गरज स्पष्ट होते. समजा, एखाद्या मंडळीत १५० कुटुंबे आहेत आणि पाळक आठवड्यातील चार संध्याकाळी प्रत्येकी एका घरी भेट देतात. अशा स्थितीत सर्व घरांची एक फेरी पूर्ण होण्यास सुमारे ३८ आठवडे लागतात. नाताळाचा काळ, उपवासकाळ, लग्नसराई आणि अंत्यविधी हे दिवस वगळले, तर एका कुटुंबाच्या वाट्याला वर्षातून जेमतेम एक भेट येते. याउलट त्याच मंडळीचे दहा-दहा कुटुंबांचे १५ विभाग केले आणि प्रत्येक विभागातील नेत्याने आठवड्यास दोनच घरी जाण्याचे ठरविले, तर पाच आठवड्यांत प्रत्येक घराची विचारपूस होते. प्रत्येक घरातून एक-दोन जण आले तरी त्या विभागाची साप्ताहिक बैठक दहा-पंधरा जणांची होते. पाळकाचे काम यामुळे संपत नाही; त्याचे स्वरूप बदलते. दीडशे घरांचा एकमेव भेटकर्ता होण्याऐवजी तो पंधरा नेत्यांचा शिक्षक होतो.

नागपूरसारख्या शहरात ही गरज अधिक तीव्र आहे. सदर, मोहननगर, मेकोसाबाग, अजनी या जुन्या वस्त्यांतील ख्रिस्ती कुटुंबे पूर्वी चर्चच्या हाकेच्या अंतरावर राहत असत. शहराचा विस्तार झाला तशी पुढची पिढी दूरच्या वसाहतींत गेली. रेल्वे, रुग्णालये, शाळा आणि खासगी कंपन्या यांतील नोकऱ्यांमुळे छत्तीसगड, केरळ, आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडू येथील ख्रिस्ती मंडळीही येथे स्थायिक झाली. एकाच मंडळीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा स्वतंत्र उपासना चालतात. अशा विखुरलेल्या आणि बहुभाषिक समाजाला रविवारचे दोन तास एकत्र बांधू शकत नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१. वेस्लीचे वर्ग आणि मुंबईतील 'बँड'

आधुनिक काळातील गटसेवेचा सर्वांत परिचित आरंभ १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. त्याचे निमित्त मात्र आध्यात्मिक नव्हते. प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज कसे फेडावे या विवंचनेत असताना, प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी, अशी सूचना पुढे आली. त्यासाठी बारा-बारा जणांचे वर्ग करून प्रत्येकावर एक पुढारी नेमण्यात आला. हा पुढारी पेनी गोळा करण्यासाठी घरोघर जाऊ लागला, तेव्हा कोणाच्या घरी आजारपण आहे, कोठे भांडण आहे, कोण व्यसनात अडकले आहे, हे त्याच्या दृष्टीस पडू लागले. जॉन वेस्ली यांनी या गोष्टीचे मोल तत्काळ ओळखले. वसुलीची व्यवस्था हीच काळजीची व्यवस्था झाली आणि पुढे हे वर्ग एकत्र जमू लागले. वेस्लींचे यश त्यांच्या वक्तृत्वाइतकेच या सामान्य वर्गनायकांवरही उभे होते.

हीच परंपरा महाराष्ट्रात विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट सुवार्तिकाने आणली. मुंबईतील त्यांच्या सभांतून जे विश्वासणारे पुढे आले, त्यांच्यासाठी ना इमारत होती, ना परदेशी निधी. टेलर यांनी त्यांना घरोघरी जमणाऱ्या लहान 'बँड'मध्ये संघटित केले आणि या गटांतूनच १८७२ मध्ये मुंबईत मेथडिस्ट मंडळी आकारास आली. येथे आधी गट आणि नंतर मंडळी असा क्रम दिसून येतो. प्रचलित समज याच्या नेमका उलट असतो.

२. मुक्ती मिशनमधील प्रार्थना गट

पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेली आध्यात्मिक जागृती प्रसिद्ध आहे. त्यामागील तयारीची चर्चा मात्र फारशी होत नाही. त्या वर्षाच्या जानेवारीत रमाबाईंनी आपल्यासोबत दररोज प्रार्थनेसाठी जमण्यास कोण तयार आहे, असे विचारले. सुरुवातीस ७० जणी पुढे आल्या. जूनअखेर जागृतीच्या वेळी ही संख्या ५५० वर पोहोचली होती. या मुली व स्त्रियांपैकी अनेक जणी दुष्काळातून वाचलेल्या, विधवा किंवा निराधार होत्या. समाजाने ज्यांना बोलण्याचा अधिकार नाकारला होता, त्यांना येथे मोठ्याने प्रार्थना करण्याचा आणि इतरांसाठी मध्यस्थी करण्याचा अधिकार मिळाला. गट लोकांना केवळ सांभाळतो असे नाही, तर बोलते करतो, हा या उदाहरणाचा महत्त्वाचा बोध होय.

३. टिळकांचा 'देवाचा दरबार'

कवी नारायण वामन टिळक यांनी आपल्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ साली, साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ असावा, अशी त्यांची कल्पना होती. संस्थात्मक चौकटीपेक्षा मोकळा स्नेह, भजन आणि मराठी मातीतील भक्तिपरंपरा यांवर त्यांचा भर होता. परंतु ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबाराची चळवळ त्यानंतर फार काळ टिकली नाही. कल्पना भव्य होती, नेता असामान्य होता; परंतु उत्तराधिकारी घडण्यास दोन वर्षांचा काळ अपुरा पडला. मुक्ती मिशनमधील सत्तर आणि साताऱ्यातील एक असा हा विरोध गटनेत्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

४. स्कॉटिश परंपरा आणि कॅथलिक समूह

नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम सुरू झाले. त्यांच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत वडिलांकडे, म्हणजे मंडळीच्या निवडलेल्या ज्येष्ठ सेवकांकडे, ठरावीक कुटुंबांचा विभाग सोपविण्याची पद्धत होती. वडील हे पद केवळ सभेत मत देण्यासाठी नसून घरोघरी भेट देण्यासाठी आहे, ही तिच्यामागील धारणा होती. आज अनेक ठिकाणी वडिलांचे कार्य समितीच्या बैठकीपुरते उरले आहे. त्या दृष्टीने गटसेवा ही नवी आयात नसून विस्मरणात गेलेल्या कर्तव्याचे पुनरुज्जीवन होय.

कॅथलिक परंपरेत या विचाराला आशियाई धर्माध्यक्षांच्या १९९० च्या बांडुंग येथील परिषदेने चालना दिली. चर्च म्हणजे 'समूहांचा समूह' ही भूमिका तेथे मांडली गेली. मुंबईच्या महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासूनच शेजारच्या कुटुंबांचे लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले होते. या समूहांचे वैशिष्ट्य असे, की ते आवडीनुसार नव्हे तर शेजारानुसार बनतात. शेजारी निवडता येत नाही. त्यामुळे श्रीमंत-गरीब, सुशिक्षित-अशिक्षित अशी सरमिसळ आपोआप घडते.

बैठकीची रचना

गटाच्या आकाराचा प्रश्न हा वरवर किरकोळ वाटला, तरी मूलभूत आहे. सहा व्यक्तींच्या गटात दोघा-दोघांच्या नात्यांची संख्या १५ असते. बारा व्यक्तींत ती ६६ होते आणि वीस व्यक्तींत १९० पर्यंत जाते. सभासद वाढतात त्यापेक्षा नात्यांचे जाळे कितीतरी वेगाने वाढते आणि एका मर्यादेनंतर ते कोणालाच सांभाळता येत नाही. बैठकीत वीस जण आले की पाच बोलतात आणि पंधरा ऐकतात. अशा वेळी गट नावापुरता उरतो आणि त्याची छोटी उपासना होते. महिला बचत गटांतही सभासदसंख्या साधारणतः दहा ते वीस एवढीच ठेवली जाते, यामागेही परस्पर ओळख आणि विश्वास हेच कारण आहे.

बैठक दीड तासापेक्षा अधिक लांबू नये. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रूढ केलेली सात पायऱ्यांची पद्धत नवख्या नेत्यांस उपयुक्त ठरते. प्रथम प्रभूला आमंत्रण देणारी प्रार्थना, मग शास्त्रपाठाचे वाचन, त्यानंतर मनाला भिडलेला शब्द किंवा वाक्यांश प्रत्येकाने पुन्हा उच्चारणे, काही मिनिटांचे मौन, आपापल्या अनुभवाचे कथन, गटाने हाती घ्यावयाच्या कामाची चर्चा आणि शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना असा तिचा क्रम आहे. या पद्धतीत कोणीही प्रवचन देत नाही. सातवी इयत्ता शिकलेली स्त्री आणि प्राध्यापक हे दोघेही तोच शब्द उच्चारतात आणि तेवढाच वेळ गप्प बसतात. सहावी पायरी विशेष ध्यानात घ्यावी. मागील आठवड्यात ठरलेले काम झाले का, हा प्रश्न येथे विचारला जातो. कोणा वृद्धाला दवाखान्यात नेणे, परीक्षार्थी मुलाला पुस्तके मिळवून देणे, असे त्या कामाचे स्वरूप असते. ही पायरी वगळल्यास प्रार्थना शब्दांपुरती राहते.

सामूहिक प्रार्थनेचे हे शास्त्र विदर्भाला अपरिचित नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरी येथून गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजविली. ठरलेली वेळ, साधी बैठक, सर्वांना म्हणता येईल अशी रचना आणि प्रार्थनेला जोडून ग्रामसेवा ही तिची वैशिष्ट्ये होत. श्रद्धेचा आशय भिन्न असला, तरी नियमितपणा आणि सेवा यांच्याशिवाय समूह टिकत नाही, हा अनुभव समान आहे.

गटनेत्याचे कार्य

गटनेता हा लहान पाळक नव्हे, ही गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. त्याचे मुख्य काम शिकविणे नसून इतरांना बोलण्यास वाव देणे हे आहे. त्यासाठी पुढील चार सवयी आवश्यक ठरतात.

पहिली, तयारी. शास्त्रपाठ आधी वाचून दोन-तीन मोकळे प्रश्न काढून ठेवावेत. ज्यांचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच आहे असे प्रश्न चर्चेला मारक ठरतात. दुसरी, मौन सहन करण्याची शक्ती. प्रश्न विचारल्यावर काही क्षण शांतता पसरली की अननुभवी नेता स्वतःच उत्तर देऊ लागतो. वास्तविक त्या शांततेतच एखादी संकोची व्यक्ती बोलण्याचे धैर्य गोळा करीत असते. तिसरी, भेट. जो सभासद आला नाही, त्याची दोन दिवसांच्या आत चौकशी व्हावी. अनुपस्थिती लक्षात आली, एवढी एक गोष्ट माणसाला परत आणण्यास पुष्कळदा पुरेशी असते. चौथी, मर्यादेचे भान. तीव्र मानसिक आजार, कौटुंबिक हिंसाचार, लहान मुलांवरील अत्याचार यांसारख्या प्रसंगी प्रार्थनेबरोबरच वैद्यकीय व कायदेशीर मदत मिळवून देणे हे कर्तव्य होय. असे प्रश्न गटातच मिटविण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे आहे.

नेतृत्वाच्या निवडीत पद, शिक्षण आणि आवाज यांपेक्षा विश्वासार्हता पाहावी. दक्षिण कोरियातील सोल येथे डेव्हिड योंगी चो यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या मंडळीचे उदाहरण या संदर्भात दिले जाते. १९६४ मध्ये अतिश्रमाने ते कोसळले आणि घरगुती गटांकडे वळले. मंडळीतील पुरुष पुढारी ही जबाबदारी घेण्यास अनुत्सुक असताना स्त्रियांनी ती स्वीकारली आणि पुढे ती जगातील सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक झाली. महाराष्ट्रातील मंडळ्यांत महिला मंडळे घरोघरी प्रार्थना चालवितात, आजाऱ्यांना भेटतात, वर्गणी गोळा करतात. परंतु गटनेत्यांची यादी करताना मात्र पुरुषांचीच नावे प्रथम येतात. काम स्त्रियांचे आणि पद पुरुषांचे ही विसंगती दूर केल्याविना गटसेवा भक्कम पायावर उभी राहू शकत नाही. मुक्ती मिशनचा वारसा सांगणाऱ्या प्रदेशाला तर ही विसंगती मुळीच शोभत नाही.

वाढ आणि विभाजन

'मंडळीची वाढ' या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू करणारे डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये दमोह येथे झाला. तत्कालीन मध्य प्रांतातील हे गाव. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. श्रद्धा नात्यागोत्यांच्या पुलांवरून पसरते, हे त्यांनी १९५५ मधील आपल्या ग्रंथात मांडले. त्यांच्या विचारावर संख्येला अवाजवी महत्त्व दिल्याची टीकाही झाली. लहान गटाच्या बाबतीत ही टीका विचारात घेणे आवश्यक आहे. आठ जणांचा गट तीस जणांचा झाला, तर ती वाढ नसून गटाचा शेवट होय. आठांचे पंधरा झाले आणि त्यांतून सात व आठ यांचे दोन सजीव गट निर्माण झाले, तर ती वाढ होय.

असे विभाजन करण्यासाठी दुसरा नेता आधीच तयार असावा लागतो. म्हणून गट सुरू होतानाच सहनेता निवडणे इष्ट ठरते. त्याच्या घडणीचे टप्पे साधे आहेत. आरंभी नेता बैठक चालवितो आणि सहनेता पाहतो. नंतर दोघे मिळून चालवितात. पुढे सहनेता चालवितो आणि नेता केवळ पाहतो. शेवटी नेता अनुपस्थित राहतो. हा शेवटचा टप्पा सर्वांत कठीण आहे; कारण आपल्यावाचून बैठक चांगली झाली, हे ऐकून आनंद होणे ही नेत्याची खरी कसोटी होय. 'देवाचा दरबार' आणि वेस्लीचे वर्ग यांच्या आयुर्मानातील फरकाचे मर्मही येथेच सापडते.

विभाजनाला सभासदांचा विरोध होतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मराठी मनाला 'वाटणी' हा शब्द घर फुटल्याची आठवण करून देतो. ज्यांच्यासमोर अश्रू ढाळले, त्यांना सोडून नव्या माणसांत जाणे कोणाला रुचेल? त्यामुळे हा निर्णय अचानक लादू नये. गटाच्या पहिल्याच बैठकीत त्याची कल्पना द्यावी. सुमारे सहा महिने आधी तारीख ठरवावी. जिवलग माणसांची ताटातूट शक्यतो टाळावी. आणि विभाजनाच्या दिवशी दोन्ही गटांनी मिळून प्रार्थना व भोजन करावे. त्यानंतरही वर्षातून दोन-तीन वेळा एकत्र यावे. वडाची पारंबी जमिनीत रुजते तेव्हा ती झाडापासून तुटत नाही, उलट झाडाला आधार देते. विभाजनाकडे या दृष्टीने पाहिल्यास त्यातील दुःख नाहीसे होत नाही. परंतु त्याला अर्थ प्राप्त होतो.

व्यावहारिक अडचणी

लहान गटसेवेच्या मार्गात काही अडचणी वारंवार येतात. पहिली अडचण गुप्ततेची आहे. आपल्याकडे मंडळीतील बहुतांश कुटुंबे परस्परांचे सोयरे असतात. बुधवारी प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट रविवारी चर्चच्या दारात बातमी होऊन फिरत असेल, तर पुढच्या बुधवारी कोणीही तोंड उघडणार नाही. गटात बोललेले गटाबाहेर जाणार नाही, हा नियम दर तीन महिन्यांनी मोठ्याने वाचून दाखवावा. दुसरी अडचण पाहुणचाराची आहे. एका घरी चहा-बिस्किटे, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी संपूर्ण जेवण अशी चढाओढ सुरू झाली, की गरीब कुटुंब आपल्या घरी बैठक घेण्यास कचरते. सर्वत्र केवळ चहा किंवा पाणी हा नियम किरकोळ वाटला, तरी तो समतेचा नियम आहे.

तिसरी अडचण भाषेची आहे. गट वस्तीनुसार करावेत की भाषेनुसार, याचे एकच उत्तर देता येत नाही. दुःख मातृभाषेतच मोकळेपणाने सांगता येते. परंतु मध्यरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते तेव्हा शेजारीच उपयोगी पडतो. वस्तीनुसार गट आणि प्रार्थना प्रत्येकाच्या भाषेत, हा मध्यममार्ग अनेक ठिकाणी व्यवहार्य ठरू शकेल. चौथी अडचण सत्तेची आहे. मंडळीच्या निवडणुकांत गट हे मतांचे गठ्ठे बनू शकतात किंवा एखादा प्रभावी नेता आपला गट घेऊन वेगळा होऊ शकतो. या भीतीपोटी काही पाळक गटांना उत्तेजनच देत नाहीत. परंतु त्यावरील उपाय गट बंद करणे हा नसून पाळकाने नेत्यांना दरमहा एकत्र भेटणे, पैशांचा व्यवहार गटाच्या हाती न देणे आणि नेतृत्व ठरावीक काळाने बदलणे हा आहे. याशिवाय बैठकीमुळे शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, आवाज मर्यादित असावा आणि येणाऱ्या पाहुण्यावर कोणत्याही प्रकारचा दबाव असू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

समारोप

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशातील प्रार्थनास्थळे बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. त्या काळात इमारत, वाद्यवृंद आणि व्यासपीठ यांपैकी काहीच उपयोगाचे नव्हते. औषध कोणी आणून द्यावे, दफनविधीस कोणी उभे राहावे, एकट्या राहणाऱ्या वृद्धेला रोज फोन कोणी करावा, हे प्रश्न उरले होते. ज्या मंडळीजवळ प्रत्येक घराचे नाव माहीत असलेला एक तरी माणूस होता, तिच्याजवळ या प्रश्नांचे उत्तर होते. जिच्याजवळ तो नव्हता, तिला तो संकटाच्या दिवशी निर्माण करता आला नसता.

यावरून असे दिसून येते, की लहान गटसेवा हा मंडळीच्या अनेक कार्यक्रमांपैकी एक कार्यक्रम नसून मंडळीची घडण कशी असावी याविषयीची भूमिका आहे. ब्रिस्टलच्या वर्गनायकांनी पेनी गोळा करता करता माणसे ओळखली. केडगावच्या मुलींनी प्रार्थना करता करता स्वतःचा आवाज ओळखला. साताऱ्याच्या दरबाराने एका माणसावर उभ्या असलेल्या कार्याची मर्यादा दाखवून दिली. या तिन्हींचा बोध एकच आहे. नेतृत्व स्वतःजवळ ठेवले की गट आटतो आणि दुसऱ्याच्या हाती दिले की तो वाढतो. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. ते ऐक्य दर आठवड्याला दहा-बारा माणसांच्या बैठकीत प्रत्यक्ष जगले गेले, तरच त्या दिवसाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.